सून हयात असल्याबाबत

दिनांक ११ मार्च २०२५, मंगळवार, सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटांनी मला कळविण्यात आले की, पहिली बायको हयात असल्यामुळे माझ्या मुलाला जर्मनीत लग्न करता येत नाही. मुलगा तिकडे. पहिली बायको इकडे अनसिंगला, माझ्या शेतात, विहिरीच्या पूर्वेस, बांधावर. उंची अंदाजे सात फूट. ती रुईचे झाड आहे.

ज्यांना हसू येईल त्यांनी हसावे. मला त्या दिवशी आले नाही. (एरवीही क्वचितच येते. तहसील कचेरीत चौतीस वर्षे काढली, शेवटची अकरा अव्वल कारकून म्हणून. तिथल्या कोणत्याही नमुन्यात हसण्याचा रकाना नव्हता.)

फोन प्रफुलचा होता. प्रफुल माझा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपासून जर्मनीत यंत्रे दुरुस्त करतो. त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे पावणेसहा वाजले होते. आवाजावरून तो रात्रभर झोपलेला नसावा.

"बाबा, तुमी त्या कागदात काय लेहून ठेवलं?"

"कोणत्या कागदात?"

"प्रतिज्ञापत्रात! लग्नासाठी पाठवलं थे!"

"सत्य."

पलीकडून मग एक दीर्घ श्वास. हा श्वास त्याच्या आईचा आहे. तीही माझ्या उत्तरानंतर असाच घेत असे.

"बाबा, इथल्या लग्न नोंदणीच्या मॅडमनं इचारलं, पहिली बायको जिती आहे काय म्हणून."

"आहे."

"अवो थे झाड आहे!"

"मी झाड असेच लिहिले आहे. कृषी कार्यालयातून शास्त्रीय नाव विचारून कंसात घातले आहे."

"म्हनूनच तर घोटाळा झाला ना! तिले वाटलं, इतकं बारीक लेहलं म्हंजे तुमच्या कायद्यात हे खरंच लग्न असन!"

आता घोटाळ्याची पार्श्वभूमी नमूद करणे भाग आहे.

प्रफुल ज्या कारखान्यात होता तो दिवाळीच्या सुमारास बंद पडला. नोकरी गेली की तिथे राहण्याचा परवानाही जातो. थोडी मुदत मिळते. ती मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. तीन वर्षांपासून तो लेना नावाच्या मुलीसोबत राहतो. ती तिथलीच, रुग्णांकडून व्यायाम करवून घेण्याचे काम करते. दोघांचा विचार उन्हाळ्यात लग्न करण्याचा होता. आता ते शुक्रवारच्या आत उरकणे गरजेचे झाले. लग्न झाले तर प्रफुल तिथे राहणार. नाही झाले तर शनिवारी विमानात बसणार, आणि पुन्हा केव्हा जाता येईल हे कोणीही सांगू शकत नव्हते. कोणा जोडप्याने ऐनवेळी माघार घेतल्यामुळे बुधवारी सकाळी नऊची एक वेळ मोकळी झाली होती. (त्या जोडप्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही. परंतु मी त्यांचा आभारी आहे.)

वराच्या वडिलांचे प्रतिज्ञापत्र लागते, असे तीन आठवड्यांपूर्वी प्रफुलने कळविले आणि मसुदाही पाठविला. त्यात एक वाक्य होते: "माझ्या मुलाचा यापूर्वी कोणत्याही प्रकारचा विवाहविधी झालेला नाही."

हे वाक्य खोटे होते. मी ते खोडले.

आठ वर्षांपूर्वी प्रफुलसाठी स्थळे पाहणे सुरू झाले तेव्हा पत्रिकेत मंगळ निघाला. चार ठिकाणांहून नकार आला. माझी पत्नी सुमनबाई हिने पूजा सांगणाऱ्या महाराजांना विचारले. त्यांनी सांगितले की, आधी मुलाचे रुईशी लग्न लावा. मंगळाचा जो काही कोप असेल तो झाडावर जाईल, नंतरची बायको सुखी राहील. मी म्हणालो, हा मूर्खपणा आहे. सुमनबाईने माझ्याशी बोलणे बंद केले. नऊ दिवस भाजीत मीठ नव्हते. दहाव्या दिवशी मी अंतरपाट शोधून दिला.

लग्न रविवारी सकाळी झाले. नवरदेव अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, एका हातात फोन. नवरी कमरेएवढी, अंगावर हिरवा खण, बुंध्याला काळे मणी. अंतरपाटाचे एक टोक मी धरले, दुसरे दौलतने. (दौलत माझे शेत वीस वर्षांपासून बटाईने करतो. त्याने अक्षता इतक्या जोरात मारल्या की महाराजांच्या कानात गेल्या.) विधी झाल्यावर महाराज म्हणाले, आता झाड तोडून टाका, म्हणजे दोष संपला.

सुमनबाई झाडापुढे उभी राहिली. "लग्नाच्या दिवशी सून मारता काय? लाजा वाटू द्या!"

झाड राहिले. मंगळ गेला की नाही ते कळले नाही, कारण स्थळे त्यानंतरही आली नाहीत. पण सुमनबाई दर शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने तोडायला जायची तेव्हा या झाडाला हात लावत नसे. "सुनेचे कान कोणी तोडते काय?" असे म्हणून बांधावरच्या दुसऱ्या रुईकडे जायची आणि जाताना हिच्या मुळाशी एक बादली पाणी ओतायची. रुईला पाणी लागत नाही. मी हे तिला अनेकदा सांगितले.

सुमनबाईला जाऊन अडीच वर्षे झाली. त्या वेळी प्रफुलचा परवाना नूतनीकरणासाठी कार्यालयात पडून होता. देश सोडला असता तर परत प्रवेश मिळाला नसता. त्याने आईचा अंत्यविधी फोनवर पाहिला. फोन मी धरला होता. हात हलू दिला नाही.

तेव्हापासून शनिवारी मी शेतात जातो. झाडाला पाणी घालत नाही. विहिरीवर हातपाय धुतल्यावर बादलीत पाणी उरते. ते कुठे तरी ओतावे लागते.

तर, प्रतिज्ञापत्रात मी खोडलेल्या वाक्याच्या जागी असे लिहिले: "मुलाचा मंगळदोष निवारणार्थ रुईच्या झाडाशी विधिपूर्वक विवाह लावण्यात आला होता. सदर झाड आजही हयात आहे." वाशीमला जाऊन नोटरीसमोर सही केली. नोटरीने न वाचताच शिक्का मारला. प्रफुलनेही ते न वाचताच भाषांतराला दिले.

"वाचले का नाहीस?" मी फोनवर विचारले.

"तुमचा कागद कोन तपासते, बाबा? तुमच्या कागदात उभ्या जन्मात चूक निघाली काय?"

माझ्यावरील विश्वासाचे हे फळ!

तिथल्या मॅडमचे म्हणणे प्रफुलने सांगितले. शपथेवर केलेले विधान त्यांना दुर्लक्षित करता येत नाही. एक तर त्या लग्नाला कायदेशीर अर्थ नाही, किंवा ते संपुष्टात आले आहे, असा स्थानिक अधिकाऱ्याचा कागद हवा. त्यांच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराच्या आत. म्हणजे आपल्या साडेचारच्या आत. नाही तर बुधवारची वेळ दुसऱ्याला.

मला त्या बाईंविषयी आदर वाटला. माझ्या हाताखाली असत्या तर मी त्यांचा गोपनीय अहवाल उत्तम लिहिला असता.

"बाबा, दुसरं प्रतिज्ञापत्र करून टाका ना. लेहा, असं काई झालंच नोतं."

"एकाच विषयावर दोन परस्परविरोधी शपथा घेणे हा गुन्हा आहे."

 या वेळी श्वास आला नाही. आला तो प्रश्न, आणि तो त्याने फार हळू आवाजात विचारला.

"बाबा, तुमी मुद्दाम तर नाही लेहलं? मी वापस यावं म्हनून?"

मी उत्तर द्यायला तीन सेकंद घेतले. मोजून तीन. इतका वेळ मी कोणत्याही प्रश्नाला घेत नाही.

"कागद साडेचारच्या आत पोहोचेल," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

अकरा वाजता मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर होतो. आत जाण्यापूर्वी फोन पूर्ण बंद केला. सरकारी कार्यालयात फोन वाजता कामा नये हा नियम माझ्या कचेरीत मीच लावला होता आणि निवृत्तीनंतरही पाळतो. (फोन बंद असल्याचे वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले असते तर पुढचे काही घडले नसते.)

खुर्चीत शोभाताई. या आमच्या ग्रामसेविका. यांचे वडील नामदेवराव यांचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मी एकदा सहा वेळा परत पाठविला होता, कारण त्यात एक रकाना रिकामा होता. तो दाखला शोभाताईंच्या कॉलेजच्या फीसाठी हवा होता. मला हे आठवत होते. त्यांनाही आठवत असल्याचे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

"बसा, साहेब," त्यांनी बाकाकडे बोट दाखविले. बाकाचा एक पाय आखूड होता. माझ्या कचेरीतल्या बाकाचाही होता.

मी सर्व हकीकत क्रमवार सांगितली. शोभाताईंनी मध्ये एकदाही हसू येऊ दिले नाही. फक्त दोनदा पाणी प्यायल्या.

"म्हंजे तुमाले असा दाखला पाह्यजे का रुईसंगचं लगन हे लगन नाही."

"बरोबर."

"कोनत्या नमुन्यात?"

मी बाकाच्या आखूड पायाखाली चप्पल सरकवली.

"शासनानं झाडाच्या लग्नाचा नमुना आजून काढला नाही, साहेब. आन् लगन खरं का खोटं हे कोर्टानं सांगाचं असते, ग्रामपंचायतीनं नाही. नियमाबाहेरचा दाखला देता येत नाही. तुमीच शिकोलं आमाले."

"मी?"

"माया बाबाच्याच अर्जावर लेहलं होतं. लाल शाईनं. घरी ठेवला हाये म्या."

मी उठलो. त्या म्हणाल्या, "बसा. मी काय देऊ शकते ते आइका. जे डोळ्यानं पाह्यलं त्याचा दाखला देऊ शकते. झाड हाये, तर हाये म्हनून. नाही, तर नाही म्हनून."

"झाड आहे."

"मंग तुमचा पोरगा लगन झालेला." त्यांनी पेनाचे टोपण लावले. "झाड नसलं, पंचनामा झाला, पोलीस पाटलाची सही झाली, तर मी लेहून देते का सदर झाड अस्तित्वात नाही. मंग पोरगा विधुर. विधुराले कोन अडवते?"

मी काही वेळ समोरच्या भिंतीवरचे लसीकरणाचे वेळापत्रक वाचले. संपूर्ण वाचले.

"झाड तोडण्यास परवानगी लागते का?" मी विचारले.

शोभाताईंनी यादी काढली, वरून खाली बोट फिरविले. "साग, चिंच, मोह, आंबा... रुई नाही यादीत." आणि मग, फाईल मिटताना, "साहेब, वाईट नका वाटून घेऊ. पन येऊ द्या ना पोराले घरी. एवढ्या मोठ्या घरात एकटेच राह्यता. म्हातारपनी जवळ राहीन तुमच्या."

"पंचनाम्यासाठी तीन वाजता शेतात या," मी म्हणालो.

अनसिंगमध्ये बातमी पसरायला एक बस गावात येऊन परत जाण्याइतका वेळ लागतो. तीन वाजता मी शेतात पोहोचलो तेव्हा बांधावर सोळा माणसे होती. पंच पाच पुरतात! पोलीस पाटील गुलाबराव कोरे कागद आणि तंबाखू घेऊन आले होते. दौलत कुदळ घेऊन उभा होता. आणि शेजारच्या कमलबाई, सुमनबाईच्या मैत्रीण, हातात हळदीकुंकवाची डबी आणि हिरवा खण घेऊन उभ्या होत्या.

"हे कशासाठी?" मी विचारले.

"कशासाठी म्हंजे? सवाष्ण हाये थे! नवरा जिता असताना चालली. वटी भरल्याशिवाय पाठोता काय तिले?"

"ते झाड आहे, कमलबाई."

"झाड हाये तर कागदावर सून कायले लेहलं?"

मी 'सून' असे लिहिले नव्हते. पण साडेचारला दीडच तास उरला होता, वादाला वेळ नव्हता.

गुलाबराव बैलगाडीच्या जुवावर बसले आणि पंचनामा सुरू केला.

"मयताचं नाव?"

"रुई."

"नवऱ्याचं नाव लेहतो पुढं. वय?"

"नक्की सांगता येणार नाही. आठ वर्षांपूर्वी लग्न झाले तेव्हा कमरेएवढी होती."

गुलाबरावांचे पेन थांबले. "कमरेएवढी? भाऊसाहेब, हा तर बालविवाह झाला! हे लेहलं तर मायावरच येईन. त्या टायमालेबी पोलीस पाटील मीच होतो. बुंदी खाल्ली होती म्या!"

बांधावर हशा. मी हसलो नाही.

"वय सज्ञान असे लिहा," मी म्हणालो.

"मृत्यूचं कारन?"

"अजून मृत्यू झालेला नाही."

"मंग आटपा ना! मले साडेतीनच्या जीपनं रिसोडले जाचं हाये."

मी दौलतला खूण केली. दौलतने कुदळ जमिनीवर ठेवली.

"मी नाही मारत, भाऊसाहेब."

"का?"

"हिच्या लग्नात अंतरपाट धरला म्या. भाऊ लागतो मी तिचा. भावानं मारलं असं झालं तर मायी म्हातारी घरात घेईन काय मले?"

सोळांपैकी कोणीही पुढे आले नाही. सर्वांनी त्या लग्नात बुंदी खाल्ली होती.

कुदळ मी उचलली. माझे वय एकाहत्तर. कमलबाई मध्ये आल्या, झाडाला कुंकू लावले, हिरवा खण बांधला, ओटीत तांदूळ टाकले आणि बुंध्यावर हात फिरवत म्हणाल्या, "जाय माय. सुमन हाये तिकडे. तिले सांगजो, पोराचं लगन हाये उद्या."

सुमनबाईची ओटीही त्यांनीच भरली होती. याच डबीतून.

मी घाव घातला. पहिल्या घावात एक फांदी तुटली आणि रुईचा पांढरा चीक सरळ माझ्या उजव्या डोळ्यात उडाला. रुईचा चीक डोळ्यात जाणे म्हणजे काय, हे या भागात लहान मूलही जाणते. दौलतने धावत येऊन प्यायच्या पाण्याची डबकी डोळ्यावर रिकामी केली. डोळा उघडेना, पाणी थांबेना.

"बसा, भाऊसाहेब! राहू द्या!"

"पंचनामा चालू असताना जागा सोडता येत नाही," मी म्हणालो आणि दुसरा घाव घातला.

एकूण बावीस घाव लागले. रुईचे मूळ फार खोल जाते. जिला आठ वर्षे उगाच पाणी मिळाले तिचे तर अधिकच. झाड शेवटी आडवे झाले तेव्हा बुंध्याजवळ काळे मणी दिसले. दोरा सालीत रुतून गेला होता. मी तो काढला. तुटला. मणी गोळा करून सदऱ्याच्या खिशात ठेवले. (मुद्देमाल म्हणून.)

मान वर केली तर बांधावरची माणसे टोप्या काढून उभी होती. कमलबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. गुलाबरावांनी तंबाखू थुंकून टाकली.

"सुमनबाई गेली तवा टिपूस नोता हो भाऊसाहेबाच्या डोळ्यात," कोणीतरी मागून म्हणाले.

"चीक गेला आहे," मी म्हणालो.

"हो हो. चीकच."

"चीकच आहे!"

"आमी कवा नाही म्हनलं?"

मृत्यूचे कारण या रकान्यापाशी गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "शासकीय आवश्यकता." पाच पंचांनी सह्या केल्या. पंचनाम्याच्या शेवटी मयताशी नाते लिहून सही करायची असते. मी सही केली. सासरा. शोभाताईंनी गुडघ्यावर कागद ठेवून दाखला लिहिला, शिक्का मारला आणि आपल्या फोनवर दोन्ही कागदांचे फोटो काढले. पुरावा म्हणून झाडाचाही काढला. त्या फोटोत आडवे झाड, हिरवा खण आणि कुदळ धरून रडणारा एक म्हातारा आहे. फोटो चांगला आला आहे. दुर्दैवाने.

चार वाजून पाच मिनिटे झाली होती. फोटो माझ्या फोनवर घेऊन प्रफुलला पाठवायचे होते. मी फोन सुरू केला.

फोन हातात थरथरू लागला आणि थांबेना. न घेतलेले चौदा फोन! एक संदेश, बारा वाजून चाळीस मिनिटांचा. मला अक्षरे दिसेनात. शोभाताईंच्या हाती दिला. "वाचा."

त्यांनी मोठ्याने वाचले. सोळाही माणसे ऐकत होती.

"बाबा, काम झालं. मॅडमनं ऑफिस उघडल्याबरोबर वरच्या साहेबाले इचारलं. थे म्हनाले, झाड म्हंजे मानूस नाही, मंग लग्नाचा प्रश्नच येत नाही. कागद मंजूर. उद्या नऊ वाजता लगन. आता काई करू नका. लेना म्हनते, झाडाले हात लावू नका म्हनावं. हिवाळ्यात आमी येनार आहो. तिले आपल्या सवतीले भेटाचं हाये."

  सगळ्यांनी आधी झाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

संदेशात आणखी एक ओळ होती. शोभाताईंनी ती मोठ्याने वाचली नाही. फोन माझ्या हातात परत दिला. मी तो डाव्या डोळ्याजवळ धरला.

"सकाळचं मनावर घेऊ नका. तुमी मुद्दाम नाही लेहलं, मले मालूम आहे."

मला मात्र तितके मालूम नाही. 'हयात आहे' लिहिल्यावर मी पेन थोडा वेळ कागदावर तसाच ठेवला होता, एवढे आठवते. शाईचा ठिपका पडला आहे तिथे.

"फोन काहून बंद ठेवला होता तुमी?" गुलाबरावांनी विचारले.

"नियम आहे."

"कोनाचा?"

"माझा."

दौलत खड्ड्याकडे वळला. खड्डा बुजवायला त्याने पायाने माती ओढली. मी म्हणालो, "थांब. बुजवू नकोस. झाड उचल."

"आता कायले?"

"मूळ अर्धे शाबूत आहे. उचल."

झाड लावण्यास कोणी नाही म्हणाले नाही. चार जणांनी उचलले. जे कुदळीला हात लावत नव्हते तेच! सरळ उभे केले, मी माती दाबली, दौलतने काठीचा आधार दिला. कमलबाई खण पुन्हा नीट बांधत म्हणाल्या, "मेली तवा वटी भरली. आता जिती झाली, आता काय भरू हिची?"

"पाणी," मी म्हणालो.

राहिला कागद. गुलाबराव म्हणाले, फाडून टाका, कोणाला कळते? सोळा साक्षीदारांसमोर! शिवाय सही झालेला शासकीय कागद फाडता येत नाही. आयुष्यात एक खोटा कागद केला नाही, आणि ज्या झाडाला आम्ही सगळे धरून उभे होतो ते मयत असल्याच्या पंचनाम्यावर माझी सही, सासरा म्हणून! शोभाताई कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "रकाना रिकामा हाये, साहेब. शेऱ्याचा. तसाच ठेवू काय?" आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. मी लिहिले: "सदर मयत त्याच खड्ड्यात पूर्ववत उभे. हयात असल्याची पडताळणी पोळ्यानंतर करण्यात यावी."

ते जगले की नाही हे मी येथे सांगणार नाही. प्रकरण पडताळणीवर आहे.

माणसे गेली. गुलाबरावांची जीप चुकली होती. ते मला दोन शब्द बोलून पायीच फाट्याकडे गेले. (ते शब्द छापण्यासारखे नाहीत.) मी प्रफुलला उत्तर पाठविले: "संदेश मिळाला. झाड उभे आहे." हे वाक्य शब्दशः खरे होते.

मग विहिरीवर गेलो. रुईला पाणी लागत नाही, हे माझे मत मी बदललेले नाही. सहा बादल्या ओतल्या. सातवीच्या पाण्याने डोळे धुतले. चीक उजव्यात गेला होता. धुतले दोन्ही.